विश्लेषण : बांधकाम परवान्याआधी जमिनीची परीक्षा हवी, म्हैसूरचा धडा

म्हैसूर : एप्रिल २०१७ मध्ये म्हैसूरच्या वेशीवरील श्यादनहळ्ळी येथे मोकळ्या जागेत पाऊल टाकताच १४ वर्षांचा एक मुलगा गंभीर भाजला आणि त्यातच त्याचा मृत्यू झाला. वरून साध्या मातीसारखी दिसणारी ती जमीन आतून धुमसत होती. हा ज्वालामुखीचा प्रकार असावा, अशी शंका प्रारंभी व्यक्त झाली; मात्र भूगर्भातील हालचालींशी त्याचा संबंध नसल्याचे तपासणीत स्पष्ट झाले. त्या जागेवर टाकण्यात आलेला औद्योगिक कचरा हेच कारण पुढे आले.

केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने जुलै २०२५ मध्ये प्रदूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले. त्यामुळे श्यादनहळ्ळीसारख्या जमिनींना प्रथमच स्वतंत्र कायदेशीर चौकट मिळाली आहे. मात्र शहरे ज्या वेगाने पसरत आहेत, त्या वेगाने जमिनींची परीक्षा होणार का, हा प्रश्न कायम आहे.

नव्या नियमांनुसार संशयित स्थळांची यादी दर सहा महिन्यांनी तयार करण्याची जबाबदारी स्थानिक संस्था व जिल्हा प्रशासनावर आहे. त्यानंतर राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी आणि गरज भासल्यास पुढील ९० दिवसांत सविस्तर सर्वेक्षण करावयाचे आहे. प्रदूषण करणाऱ्याचा शोध घेऊन शुद्धीकरणाचा खर्च त्याच्याकडून वसूल करणे, हे या नियमांचे मुख्य तत्त्व आहे. जबाबदार व्यक्ती सापडली नाही किंवा खर्च पेलण्यास असमर्थ ठरली, तर हा भार केंद्र व राज्य सरकारांवर येतो. नियम अधिसूचित झाले तेव्हा देशात १०३ प्रदूषित स्थळांची नोंद होती आणि त्यांपैकी केवळ ७ ठिकाणी शुद्धीकरणाचे काम सुरू होते. तपासणीला मुदत असली, तरी जमीन प्रत्यक्ष शुद्ध करण्यासाठी नियमांत अंतिम मुदत घातलेली नाही.

म्हैसूरमध्ये याच प्रश्नाची दुसरी बाजूही दिसते. चामुंडी टेकडीच्या पायथ्याजवळील विद्यारण्यपुरम येथे सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या परिसरात, म्हणजे स्थानिकांच्या भाषेतील ‘सीवेज फार्म’वर, शहराचा कचरा अनेक वर्षे साचत गेला. स्वच्छ सर्वेक्षणात २०१६ मध्ये देशात पहिला आलेल्या या शहरातही विद्यारण्यपुरम आणि आसपासच्या वस्त्यांतील रहिवासी दुर्गंधीविरोधात सातत्याने आवाज उठवत आले आहेत.

एकाच शहरातील या दोन जमिनी कायद्याच्या दोन कप्प्यांत मोडतात. घनकचऱ्याच्या कचराभूमी, किरणोत्सारी कचरा, खाणकाम आणि समुद्रातील तेलगळती यांच्यासाठी वेगळे कायदे असल्याने २०२५ च्या नियमांतून त्यांना वगळण्यात आले आहे. मात्र अशा जागेतील घातक रसायनांचे प्रमाण ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा अधिक आढळले, तर हे नियम तेथेही लागू होतात. याचाच अर्थ, नमुने घेतल्याशिवाय कोणती जमीन कोणत्या कप्प्यात बसते, हे कळू शकत नाही. घरगुती कचऱ्यात बॅटऱ्या, रंगांचे डबे, औषधे आणि कधी कारखान्यांतील गाळही मिसळलेला असतो.

जुन्या कचराभूमीवर सध्या जैवउत्खननाची पद्धत वापरली जाते. साचलेला कचरा उकरून, वाळवून चाळण्यांमधून काढला जातो. त्यातील ज्वलनशील भाग इंधन म्हणून सिमेंट भट्ट्यांकडे जातो, तर मातीसारखा बारीक भाग भरावासाठी वापरला जातो. त्यातून जागा मोकळी होते आणि ती विकसित करण्याचा मोहही वाढतो. परंतु ढीग हटला म्हणजे जमीन शुद्ध झाली, असे नाही. कचऱ्यातून वर्षानुवर्षे झिरपलेले दूषित पाणी खालच्या थरांत आणि भूजलात उतरलेले असते. चाळून निघालेल्या मातीत जड धातू असतील, तर भरावाबरोबर तेही दुसरीकडे जातात.

म्हणूनच शास्त्रीय मूल्यमापनाची सुरुवात जमिनीच्या इतिहासापासून होते. येथे कोणता कारखाना होता, कोणता कच्चा माल वापरला जात होता, सांडपाणी कोठे सोडले जात होते, याच्या नोंदी आधी पाहिल्या जातात. नंतर ठरावीक अंतरावर वेगवेगळ्या खोलीतील मातीचे आणि आसपासच्या कूपनलिकांतील पाण्याचे नमुने घेतले जातात. प्रदूषणाचा स्रोत, ते पसरण्याचा मार्ग आणि त्याची झळ पोहोचणारे लोक, या तिन्हींचा मेळ घालून धोका ठरवला जातो. त्यावरून माती उकरून सुरक्षित भूभरावात नेणे, धुणे, जागेवरच रासायनिक वा जैविक प्रक्रिया करणे किंवा अभेद्य थराने झाकणे, यांपैकी उपाय निवडला जातो.

जमीन कशासाठी वापरायची, यावर शुद्धीकरणाचा निकष अवलंबून असतो. गोदामासाठी चालणारी माती मुले खेळतील अशा अंगणासाठी चालेलच असे नाही. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथे २००१ मध्ये बंद पडलेल्या थर्मामीटर कारखान्याच्या आवारात पाऱ्याचे प्रमाण प्रतिकिलो मातीत २० मिलिग्रॅमपर्यंत खाली आणण्याचा निकष मान्य झाला, तेव्हा निवासी वापराइतका कठोर निकष हवा, अशी मागणी पर्यावरण कार्यकर्त्यांनी लावून धरली. निकषाचा वाद हा अखेर खर्च कोणी करायचा आणि जोखीम कोणी सोसायची, याचाच वाद असतो.

महाराष्ट्रालाही हा अनुभव नवा नाही. मुंबईत मालाडच्या जुन्या कचराभूमीवर उभ्या राहिलेल्या कार्यालयांत जमिनीतून येणाऱ्या वायूंमुळे संगणक व विद्युत उपकरणे गंजत असल्याच्या तक्रारी झाल्या होत्या. ऑक्टोबर २०२४ मध्ये देवनार कचराभूमीतील १२४ एकर जागा धारावी पुनर्विकासासाठी देण्याचा निर्णय राज्य सरकारने घेतल्यावर हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. शास्त्रीय पद्धतीने बंद केलेल्या भूभराव स्थळांवर १५ वर्षांच्या देखरेखीनंतर आणि वायू, झिरपणारे पाणी व जमिनीची स्थिरता यांची खात्री झाल्यावरच वस्तीचा विचार करावा, अशी अट २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत होती.

म्हैसूरच्या पश्चिम व उत्तर बाजूंना हेब्बाळ, मेटगळ्ळी, कूर्गळ्ळी आणि बेळवाडी हा औद्योगिक पट्टा आहे. एकेकाळी गावाबाहेर असलेल्या या भागाला आता नव्या वसाहती भिडल्या आहेत. हूटगळ्ळी, हिनकल, कूर्गळ्ळी व बेळवाडी या ग्रामपंचायतींची मिळून २०२० मध्ये नगरपरिषद झाली. जमीन शेती वा उद्योगातून निवासाकडे वळते, तीच वेळ सर्वाधिक जोखमीची असते. कारण जमीन विकणाऱ्याला तिचा इतिहास सांगण्याची घाई नसते आणि घेणाऱ्याला तो ठाऊक नसतो.

त्यामुळे संशयित स्थळांची यादी केवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे राहून भागणार नाही. भू-परिवर्तनाचा आदेश देणारा महसूल विभाग, आराखडा मंजूर करणारे विकास प्राधिकरण आणि बांधकाम परवाना देणारी स्थानिक संस्था यांच्या मेजावर ती असली पाहिजे. सर्वेक्षण क्रमांकानिहाय नोंद जमिनीच्या उताऱ्यावर दिसली, तर खरेदीदाराला आपोआप इशारा मिळेल. आज परवान्यासाठी मालकी, रस्ता आणि पाणी तपासले जाते. मातीची तपासणी त्याच रांगेत यावयास हवी. श्यादनहळ्ळीची जमीन धोकादायक आहे, हे मुलाच्या मृत्यूनंतर कळले. ते आधी कळावे, यासाठीच ही यादी आहे.