शिवणाचा डबा

शिवणाचा डबा लावू लागले की व्याकरणासारखे अपवाद भेटतात. हाताच्या सुयांचा नंबर वाढला की सुई बारीक होते. मशीनच्या सुयांचा वाढला की जाड! तेव्हा दोघींची पंगत वेगळी. पावसाळ्यात गंजू नयेत म्हणून त्या फ्लॅनेलच्या कोरड्या तुकड्यात टोचल्या.

नजर अधू झाल्यापासून आमच्या आईने शिवणच सोडले होते. तिच्यासाठी गुंड्यांना गोल डबी, हुकांना चौकोनी. पांढरे रीळ डावीकडे, काळे उजवीकडे. नात दर रविवारी पाच सुया ओवून ठेवते. आता आजीबाई चाचपून हवे ते काढतात, कुणाला हाक मारीत नाहीत.

वाचकहो, डबा कुणाच्या हातांसाठी लावायचा हे आधी ठरवावे. कप्पे मग आपोआप सुचतात.