गावाकडचं घर

"चाकणच्या नोकरीतून सुटलो की गावी दोन खोल्या बांधू. वीज सूर्याची, पाणी पावसाचं, भाजी परसातली," असं आमच्याकडे हे सारखं म्हणतात. आळंदीत इंद्रायणीवरचा फेस पाहिला की मलाही पटतं.

भगिनींनो, मी हिशेब मांडला. 50 चौरस मीटर पत्र्यावर 600 मिलिमीटर पाऊस म्हणजे 30,000 लिटर. वाया गेलेलं सोडून 24,000 धरा. पाच माणसांच्या पिण्या-स्वयंपाकाला रोज 100 लिटर, म्हणजे आठ महिने! खरा खर्च टाकीचा.

सासूबाई म्हणाल्या, "पाणी घरचं असलं की पाणवठ्यावर कुणाची मिनतवारी नाही." महाडचा सत्याग्रह 1927 चा, त्यांना वाट पाहावी लागली ती त्यानंतरही कितीतरी वर्षं.

पण घर बांधायचं कुठं? आमची जमीन वतनाची. 1958 च्या कायद्यानं वतनं गेली, जमिनी नव्या शर्तीवर मिळाल्या. विकायला-वाटायला जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी हवी, अशी अट. आमच्या तुकड्यावर अख्ख्या भावकीची नावं आहेत. स्वप्नात हे कधी येत नाही!

सोमवारी हे रजा टाकून तलाठ्याकडे निघालेत. मीही जाणार आहे, सातबाऱ्यावर माझं नाव लागेल का, ते विचारायला.