टेबलाच्या खणातले सोने

उद्या विजयादशमी. रिवाजाप्रमाणे उद्या आपण एकमेकांच्या हातांवर आपट्याची पाने ठेवू आणि सोने दिल्याघेतल्याचे समाधान मानू. परंतु खरेखुरे सोने, तेही आपल्याच पैशाने विकत घेतलेले, आपल्या टेबलाच्या खणात वर्षानुवर्षे धूळ खात पडले आहे, याची जाणीव मुंबईतील किती घरांस असेल? आम्ही बोलत आहोत ते जुन्या मोबाइल फोनविषयी. अग्रलेखाची जागा एरवी आतल्या पानावर असते. आज तो पहिल्या पानावर आणण्याचे कारण असे की, सणासुदीच्या या दिवसांत हेच पान नव्या फोनच्या जाहिरातींना दिले जाते. ‘जुना द्या, नवा न्या’ ही घोषणा ज्या पानावरून रोज केली जाते, त्याच पानावरून त्या जुन्याची पुढे काय वाट लागते, हे एकदा तरी विचारले गेले पाहिजे.

भारतात पहिला मोबाइल कॉल झाला तो ३१ जुलै १९९५ रोजी. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस दूरसंचारमंत्री सुखराम यांच्याशी संभाषण केले. त्या वेळी येणाऱ्या कॉललासुद्धा पैसे पडत आणि फोन खिशात बाळगणारा माणूस श्रीमंत समजला जाई. गिरगाव-परळच्या चाळींत संपूर्ण मजल्यास मिळून एक टेलिफोन असल्याचे दिवस आमच्या पिढीने पाहिले आहेत. ते यंत्र बिघडले तर दुरुस्त होई. ते ‘जुने’ झाले असे कोणी म्हणत नसे. त्या दिवसांचे गोडवे गाण्याची आमची इच्छा नाही. भाजीवालीपासून रिक्षावाल्यापर्यंत सर्वांच्या हाती फोन आला, ही गेल्या तीस वर्षांतील फार मोठी सामाजिक प्रगती आहे. प्रश्न फोनचा नाही. हातात धड चालणारा फोन असताना दुसरा घेण्याच्या, आणि पहिल्याचा विचारही न करण्याच्या सवयीचा आहे.

जुन्या फोनच्या नशिबी आपल्या घरांत सामान्यतः चार गती असतात. पहिली गती खणाची. ‘असू दे, लागेल कधी तरी’ हे आपले कुलवचनच आहे. त्यात काटकसर आहे, थोडा आळस आहे आणि भीतीही आहे. गेलेल्या आईचा आवाज त्या फोनमध्ये आहे, मुलाच्या मुंजीची छायाचित्रे आहेत, बँकेचे संदेश आहेत. हे सारे परक्याच्या हाती कसे द्यावयाचे? ही भीती अनाठायी नाही. पण ज्या काटकसरीचा आपण अभिमान बाळगतो, तिची रीत निराळी होती. जुन्या लुगड्याची गोधडी होई, गोधडीचे पायपुसणे होई. खणात नुसते कुजत पडणे, ही काटकसर नव्हे. फोनची बॅटरी तर न वापरताही निकामी होत जाते, कधी फुगते. पाच वर्षांनी तो फोन ‘लागेल’ तेव्हा चालत नाही.

दुसरी गती दानाची. गावाकडील आईवडिलांस, घरी काम करणाऱ्या बाईंस, इमारतीच्या रखवालदारास जुना फोन दिला जातो. हे दान थोर ठरू शकते. २०२० साली शाळा बंद पडल्या आणि वर्ग फोनवर भरू लागले, तेव्हा असा एखादा जुना फोन मिळाला म्हणून किती तरी मुलांचे शिक्षण चालू राहिले. आयुष्याची काही वर्षे खडू-फळ्याजवळ घालविल्यामुळे याचे मोल आम्ही जाणतो. परंतु पुष्कळदा आपण जे देतो ते दान नसून अडगळ असते. काच तडकलेली, बॅटरी तासाभरात संपणारी, कंपनीने सुरक्षेची नवी प्रणाली पुरविणे केव्हाच थांबविलेले. कठोपनिषदातील नचिकेताने बापाला म्हाताऱ्या, भाकड गाई दान करताना पाहिले आणि त्याच्या मनात श्रद्धा जागी झाली; असल्या दानाने कोणते पुण्य लागणार, असा प्रश्न त्याला पडला. आपल्याही घरातील एखाद्या मुलाने हाच प्रश्न आपणांस विचारावा, असे आमचे म्हणणे आहे. ज्या फोनवरून आपण स्वतः बँकेचा व्यवहार करण्यास धजणार नाही, तोच फोन घेऊन एखाद्या गरीब बाईने आपल्या पगाराचे पैसे त्यावर सांभाळावेत, यात औदार्य कोठे आहे?

तिसरी गती अदलाबदलीची. पूर्वी दारी बोहारीण येई. ती साडीचा काठ निरखी, जर पाही, भांड्यावरून घासाघीस करी. आणि ते वस्त्र पुढे कोणाच्या तरी अंगावर चढणार, हे देणारीला ठाऊक असे. आजची दुकाने व कंपन्या हीच बोहारणीची भूमिका वठवितात. पण येथे फोन हातातून गेला की त्याचे दर्शन संपले. त्यांतील चांगले फोन दुरुस्त होऊन पुन्हा विकले जातात, आणि ते इष्टच आहे. मात्र जे विकण्याजोगे नसतात ते कोणाच्या हवाली केले, याचा एक अक्षराचाही हिशेब ग्राहकाच्या पावतीवर नसतो.

चौथी गती भंगाराची, आणि खरी शोकांतिका येथे आहे. कुर्ल्याच्या, धारावीच्या भंगार बाजारांत, दिल्लीच्या सीलमपुरात, फोन हातांनी उकलले जातात. मुंबई-दिल्लीसारख्या शहरांतील सर्किटपट्ट्या दीर्घकाळ उत्तर प्रदेशातील मुरादाबादेस जात राहिल्या. त्या जाळून उरलेली काळी राख रामगंगेच्या काठी पडत राहिली. तांबे मिळविण्यासाठी तारा उघड्यावर जाळतात. सोने सोडविण्यासाठी पट्ट्या तीव्र आम्लात बुडवितात. त्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात, जुन्या डाखात शिसे असते, आणि शिसे लहान मुलांच्या मेंदूची वाढ खुंटविते, हे वैद्यकशास्त्राने निर्विवाद ठरविले आहे. हातमोजे नसलेल्या हातांनी हे काम करणारा माणूस गुन्हेगार नव्हे. आपण टाकलेल्या वस्तूतून तो आपल्या पोटाची भाकर काढीत असतो. आपण मात्र त्याला पाहत नाही. आणि जे दिसत नाही त्याची लाज वाटत नाही.

या फोनमध्ये सोने किती? एकात अगदी कणभर. ग्रॅमचा काही शतांशच. पण टनभर फोन एकत्र केले तर त्यातून निघणारे सोने खाणीतील टनभर दगडातील सोन्याच्या कितीतरी पट असते. कोलारची प्रख्यात खाण २००१ साली बंद पडली, कारण खोल पाताळातून काढलेल्या दगडात सोन्याचा अंश परवडेनासा झाला होता. आणि त्याहून समृद्ध खाण आपल्या खणांत पसरलेली आहे! जपानने हे ओळखले. टोकियो ऑलिंपिकच्या सुमारे ५,००० पदकांसाठी २०१७ ते २०१९ या दोन वर्षांत तेथील जनतेने जुनी विद्युत उपकरणे दिली; त्यांत सुमारे ६२ लाख मोबाइल फोन होते. त्यांतून सुमारे ३२ किलो सोने व ३,५०० किलो चांदी निघाली. जपानी मनुष्य आपल्यापेक्षा अधिक सद्‌गुणी आहे म्हणून हे झाले नाही. फोन कोठे द्यावयाचा, हे त्याला ठाऊक होते आणि ती जागा त्याच्या वाटेवर होती, म्हणून झाले.

आपल्याकडे कायदा नाही काय? आहे. ई-कचऱ्याचे पहिले स्वतंत्र नियम २०११ साली झाले, दुसरे २०१६ साली, आणि आजचे नियम २०२२ साली होऊन १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. जो माल विकतो त्यानेच त्याच्या शेवटाची जबाबदारी घ्यावी, हे या नियमांचे तत्त्व उत्तम आहे. उत्पादकांस ठरावीक प्रमाणात पुनर्चक्रीकरण करवून घ्यावे लागते. आरंभी हे प्रमाण ६० टक्के होते, पुढे ते टप्प्याटप्प्याने ८० टक्क्यांपर्यंत न्यावयाचे आहे. परंतु सध्याची व्यवस्था मुख्यतः प्रमाणपत्रांवर उभी आहे. उत्पादकाने नोंदणीकृत कारखान्याकडून प्रमाणपत्र विकत घेतले की त्याचे कर्तव्य संपले. दादरच्या एखाद्या गृहिणीच्या खणातील फोन त्या कारखान्यापर्यंत पोहोचला की नाही, हे प्रमाणपत्र सांगत नाही. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात जगाने ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण केला आणि त्यातील अवघ्या २२.३ टक्क्यांची रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. उरलेल्याचा हिशेब म्हणजेच ती उघड्या हातांची आणि काळ्या राखेची कहाणी.

नागरिकांच्या माथी सारा दोष मारून मोकळे होणे आम्हांस मान्य नाही. फोन लवकर म्हातारा व्हावा अशीच त्याची घडण असेल तर ग्राहकाने काय करावे? बॅटरी डिंकासारख्या पदार्थाने आत चिकटवावयाची, सुटे भाग मिळू द्यावयाचे नाहीत, आणि दुरुस्तीचा खर्च असा सांगावयाचा की ग्राहकाने नव्याचाच विचार करावा, ही रीत बाजारात सर्रास दिसते. जुने फोन नव्या प्रणालीमुळे संथ होऊ शकतात हे ग्राहकांस न सांगितल्याबद्दल फ्रान्सने २०२० साली अ‍ॅपल कंपनीस अडीच कोटी युरोंचा दंड केला. युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियम लागू केला की, फोनची विक्री थांबल्यावरही सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग व किमान पाच वर्षे प्रणालीची सुधारणा पुरविली पाहिजे. आपल्या केंद्र सरकारनेही ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी २०२२ च्या जुलैत समिती नेमली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात संकेतस्थळ उघडले. पण संकेतस्थळ म्हणजे हक्क नव्हे. जो हक्क युरोपातील ग्राहकास कायद्याने मिळतो, तो तोच फोन तितक्याच किमतीस घेणाऱ्या भारतीयास का मिळू नये?

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. महापालिकेने प्रत्येक विभाग कार्यालयात ई-कचऱ्यासाठी कुलूपबंद पेटी ठेवावी, महिन्यातील एक दिवस ठरवून वस्त्यांतून संकलन करावे आणि देणाऱ्यास पावती द्यावी. भंगारवाल्यांस हुसकावून न लावता त्यांची नोंदणी करावी, त्यांच्याकडून जमविण्याचे काम घ्यावे आणि विषारी प्रक्रिया तेवढी सुरक्षित कारखान्यांत न्यावी. लोकांच्या दारापर्यंत पोहोचण्याचे त्यांचे कौशल्य कोणत्याही कंपनीस साधलेले नाही. अदलाबदल करणाऱ्या दुकानांनी घेतलेला फोन कोठे जातो ते पावतीवर छापावे. केंद्राने दुरुस्तीचा हक्क कायद्यात आणावा.

आणि आपण? फोन चालत असेल तर बॅटरी बदलून आणखी दोन वर्षे वापरावा. लॅमिंग्टन रोडवरचा कारागीर अजून जिवंत आहे, त्याला काम द्यावे. कोणास द्यावयाचा असेल तर चांगल्या स्थितीत, चार्जरसह द्यावा. तत्पूर्वी छायाचित्रे उतरवून घ्यावीत, आपले खाते त्यातून काढावे, मग सारी माहिती पुसावी आणि सिमकार्ड काढून घ्यावे. एवढे केले की खणाला कुलूप घालणारी ती भीती उरत नाही. निकामी फोन घरच्या कचऱ्यात मात्र कदापि टाकू नये. कचरागाडीत चिरडलेली लिथियमची बॅटरी पेट घेते. आणि कचरा पेटला म्हणजे काय होते, हे २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या धुराने साऱ्या शहरास शिकविले आहे.

राहता राहिलो आम्ही. नव्या फोनच्या जाहिरातींवर वर्तमानपत्रेही जगतात, आणि हे पत्र त्यास अपवाद नाही. म्हणून दुसऱ्यास उपदेश करताना आमचाही वाटा उचलणे प्राप्त आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, याच पानावर, जुने फोन रीतसर स्वीकारणाऱ्या शहरातील केंद्रांची यादी आम्ही विनामूल्य छापू. वाचकांनी त्या यादीतील उणिवा आम्हांस कळवाव्यात.

उद्या सकाळी यंत्रांची व पुस्तकांची पूजा मांडण्यापूर्वी टेबलाचा तो खण एकदा उघडावा. आत पडलेल्या फोनपैकी कोणता कोणाच्या उपयोगाचा आहे आणि कोणता निकामी झाला आहे, एवढे उद्याच ठरवून टाकावे. सीमोल्लंघनाचा मुहूर्त उद्याचाच आहे. त्या खणाची सीमा ओलांडण्यास दुसरा मुहूर्त पाहावयास नको.