शेपटीवरची अक्षरं

पोखर्णीत परवा मोबाइलवर जुना सिनेमा चालला होता. पडद्यावर दुपंखी विमान आलं, तसा शेजारचा पोरगा म्हणाला, "चाचा, हे तळपद्यांचं, घरी बनवलेलं!" व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलं होतं त्यानं.

म्हटलं, बेटा, थांबव, शेपटीकडं बघ. अक्षरं 'व्हीटी'नं सुरू होत होती. भारतीय विमानांवर ती १९२९ पासून आली. शिवकर बापूजी तळपद्यांच्या चौपाटीवरच्या उड्डाणाचा दावा १८९५चा. वरच्या पंखाच्या मधोमध इंधनाची टाकी, म्हणजे बहुधा टायगर मॉथ. फ्लाइंग क्लबातलं, कारखान्यात बनलेलं.

पोरगा हिरमुसला. पण आपण तरी कुठं वेगळे? अब्बास इब्न फिरनासनं नवव्या शतकात विमान उडवलं, असं आपले लोक छातीठोकपणे फॉरवर्ड करतात. त्याची हकीकत सांगणारा अल-मक्करी सातशेहून अधिक वर्षांनंतरचा. त्यातही पिसं लावून घेतलेली झेप आणि उतरताना दुखावलेली पाठ आहे, विमान नाही. दुसऱ्याच्या दाव्याला पुरावा मागायचा आणि आपल्याला सवलत द्यायची, हे मला पटत नाही.

घरी बनवलेलंच विमान बघायचं तर कॅप्टन अमोल यादवांचं बघा. कांदिवलीत, गच्चीवर जोडलेलं. २०१६ साली मुंबईच्या प्रदर्शनात लोकांनी ते हात लावून पाहिलं. पोरानं त्याचा व्हिडिओ शोधला, तोवर चहा निवला होता.