डोळ्याच्या आत दिवा कसा लावतात?



आरशासमोर उभे राहा आणि स्वतःच्या डोळ्यांकडे नीट पाहा. बुबुळाच्या मधोमध काळा ठिपका दिसतो ना? ती डोळ्याची बाहुली. आता सांगा पाहू, ती काळी का दिसते? तिथे काळा रंग आहे का? छे! बाहुली म्हणजे चक्क एक भोक आहे. डोळ्याची खिडकीच म्हणा ना! भर दुपारी रस्त्यावरून एखाद्या घराच्या खिडकीकडे पाहिलं, तर आत काळोख दिसतो. घरात माणसं वावरत असतात, पण आपल्याला काही दिसत नाही. डोळ्याचंही तसंच आहे.

मग खिडकीतून आत डोकवायचं कसं? अडचण अशी, की डोळ्यात गेलेला प्रकाश ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत फिरतो. तो पाहायला आपण मध्ये डोकं घातलं, की आत जाणारा प्रकाशच अडतो! हेल्महोल्ट्झ नावाच्या जर्मन शास्त्रज्ञानं १८५१ साली यावर युक्ती काढली. त्यानं काच तिरपी धरली, बाजूला ठेवलेल्या दिव्याचा प्रकाश तिच्यावरून डोळ्यात पाठवला आणि त्याच काचेतून आरपार पाहिलं. जिवंत माणसाच्या डोळ्याचा आतला पडदा डॉक्टरांना आता स्पष्ट पाहता येऊ लागला. या पडद्याला म्हणतात दृष्टिपटल. त्याची जाडी जेमतेम पाव मिलिमीटर! आपण जे काही पाहतो त्याचं चित्र यावरच उमटतं.

पण पाहणं वेगळं आणि दुरुस्त करणं वेगळं. डोळ्याच्या पोकळीत पारदर्शक जेलीसारखा गर भरलेला असतो, साधारण चमचाभर. मधुमेहासारख्या आजारात कधी कधी आतल्या बारीक रक्तवाहिन्या फुटतात, गरात रक्त मिसळतं आणि माणसाला दिसेनासं होतं. कधी दृष्टिपटल जागचं सुटतं. पूर्वी गरात असं पुष्कळ रक्त साचलं, तर डॉक्टर हात टेकत. १९७० साली अमेरिकेत मायामी इथं रॉबर्ट माखेमर या डॉक्टरांनी बारीक छिद्रातून उपकरण आत घालून हा खराब गर कापून बाहेर ओढून घेतला. त्याच्या जागी मिठाचं शुद्ध पाणी भरलं. डोळा मिटलेल्या डबीसारखा राहिला, चपटला नाही.

आज या ऑपरेशनसाठी डोळ्याच्या पांढऱ्या भागात सहसा तीन छिद्रं करतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटर मागे. तिथं आत दृष्टिपटल नसतं, म्हणून ती जागा सुरक्षित. एका छिद्रातून पाणी आत येतं, दुसऱ्यातून कापणारं हत्यार जातं. आणि तिसऱ्यातून? बरोबर! तिसऱ्यातून दिवा जातो.

दिवा आतच का?

तुम्ही म्हणाल, बाहेरून टॉर्च मारला तर नाही का चालणार? एक करा. रात्री बंद खिडकीच्या काचेवर टॉर्च मारून पलीकडच्या अंधाऱ्या खोलीत पाहा. काचेवर टॉर्चच चमकतो, खोली नीट दिसत नाही. बाहेरून प्रकाश टाकला की डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्यावरही अशीच चकाकी येते.

पण दिव्याचा गरम बल्ब नाजूक डोळ्यात घालणार कसा? उत्तर सोपं आहे. बल्ब बाहेर पेटीतच ठेवायचा आणि फक्त प्रकाश नळीतून आत न्यायचा!

या कल्पनेत एका भारतीयाचा मोठा वाटा आहे. नरिंदर सिंग कपानी यांचा जन्म पंजाबात मोगा इथं १९२६ साली झाला. डेहराडूनला शाळेत असताना त्यांनी ऐकलं, की प्रकाश सरळ रेषेतच जातो. त्यांना ते पटेना. पुढं लंडनला प्राध्यापक हॉपकिन्स यांच्याबरोबर त्यांनी केसासारख्या बारीक काचतंतूंच्या जुडीतून चित्र एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेऊन दाखवलं. ते संशोधन १९५४ साली प्रसिद्ध झालं. मग प्रकाश खरंच वाकतो का? नाही. तो तंतूच्या आतल्या भिंतींवर आपटत, नागमोडी, पण प्रत्येक टप्प्यात सरळच जातो. याला म्हणतात पूर्ण आंतरिक परावर्तन.

सुरुवातीला डोळ्यातली ही नळी सुमारे ०.९ मिलिमीटर जाडीची असे. आज ती ०.५ किंवा ०.४ मिलिमीटरचीही असते. तुमच्या पेन-पेन्सिलीतली ०.५ ची शिसकांडी बघा, तेवढीच!

प्रकाशाचंही माप असतं

आता खरी गोष्ट. प्रकाश कमी पडला तर डॉक्टरांना दिसणार नाही आणि हत्यार भलतीकडे लागेल. जास्त झाला तर ज्या दृष्टिपटलाला वाचवायचं, तेच बिघडेल. भिंगानं कागद जळतो हे तुम्हाला ठाऊक आहे. पण चटका न बसताही प्रकाश इजा करू शकतो. व्हर्नर नोएल यांनी १९६६ साली दाखवलं, की उंदरांना बराच वेळ सतत प्रकाशात ठेवलं तर त्यांचं दृष्टिपटल खराब होतं. आणि १९७६ सालच्या दुसऱ्या एका संशोधनातून दिसलं, की यात निळा प्रकाश सर्वांत त्रासदायक.

एरवी आपला डोळा स्वतःला सांभाळतो. त्याचे पहारेकरी आहेत ना! झगमगाट झाला की बाहुली लहान होते, पापणी मिटते, मान वळते. डोळ्यातलं भिंग अतिनील किरण अडवतं. पण ऑपरेशनच्या वेळी बाहुली औषधानं मोठी केलेली असते, पापणी चिमट्यानं उघडी धरलेली असते, डोळा बधिर असतो. दिवा तर भिंगाच्या मागे, आतच असतो. म्हणजे सगळे पहारेकरी रजेवर! त्यांचं काम मग डॉक्टरांना करावं लागतं. त्यांचे चार नियम असे :

१. काम होईल एवढाच प्रकाश ठेवायचा.

२. दिव्याचं टोक दृष्टिपटलापासून शक्य तितकं लांब धरायचं. टॉर्च भिंतीपासून दुप्पट लांब नेला, की उजेडाचं वर्तुळ चौपट मोठं होतं. साहजिकच प्रत्येक ठिकाणी पाव हिस्साच प्रकाश पडतो.

३. एकाच जागी प्रकाश रोखायचा नाही. पीतबिंदूवर तर नाहीच, कारण बारीक अक्षरं आपण त्याच्याच बळावर वाचतो. काम संपलं की दिवा बाजूला.

४. अतिनील आणि घातक निळा प्रकाश गाळणीनं अडवायचा. म्हणून काही दिवे किंचित पिवळसर दिसतात.

आणखी एक गंमत. कधी कधी डॉक्टर डोळ्यात छोटासा दिवा पक्का बसवून ठेवतात, म्हणजे त्यांचे दोन्ही हात मोकळे राहतात. त्या दिव्याला ते काय म्हणतात माहीत आहे? झुंबर!

करून पाहा

प्लॅस्टिकच्या पारदर्शक बाटलीला तळाजवळ मोठ्या माणसाकडून खिळ्यानं एक छिद्र पाडून घ्या. बोटानं छिद्र दाबून बाटली पाण्यानं भरा. खोलीत अंधार करा. छिद्राच्या बरोबर समोरच्या बाजूनं टॉर्च लावा आणि बोट काढा. वाकून पडणाऱ्या धारेखाली तळहात धरा. हातावर उजेडाचा ठिपका दिसेल! खाली बादली ठेवायला विसरू नका, नाहीतर आई रागावेल. या प्रयोगात लेझरचा दिवा अजिबात वापरायचा नाही.

आई-बाबांसाठी

दृष्टिपटलाला वेदना कळत नाही. ते भाजलं तरी दुखत नाही, म्हणून इजा झाल्याचं उशिरा लक्षात येतं. जत्रेत मिळणारे लेझरचे दिवे मुलांच्या हाती देऊ नका. ग्रहण असो वा नसो, सूर्याकडे थेट पाहू देऊ नका. साधा काळा चष्मा किंवा काजळी धरलेली काच यांचा उपयोग होत नाही. आणि घरात कुणाला मधुमेह असेल, तर दिसायला त्रास होत नसला तरी दरवर्षी दृष्टिपटल तपासून घ्या. वेळेवर तपासणी झाली, तर पुष्कळदा डोळ्यात दिवा लावायची पाळीच येत नाही.

पुढच्या आठवड्यासाठी कोडं

अंधारात मांजराच्या अंगावर टॉर्च मारला, की तिचे डोळे चमकतात. आपले का नाही चमकत? अर्धं उत्तर आजच्या लेखातच दडलं आहे. शोधा पाहू!