दुर्गाडीच्या टी-80 ला खाडीकाठी जागा मिळाली, पण युद्धनौकांना भर समुद्रात तेल देणाऱ्या जहाजांचं काय होतं?

कल्याणहून भिवंडीकडे जाताना दुर्गाडीचा पूल लागतो. पुलाआधी किल्ला आहे आणि किल्ल्याखाली खाडी. शिवाजी महाराजांनी 1657 मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली, असं मानलं जातं. म्हणूनच नौदलाची निवृत्त बोट टी-80 जतन करण्यासाठी कल्याण-डोंबिवलीच्या स्मार्ट सिटी कंपनीने दुर्गाडीची जागा निवडली.

टी-80 ही इस्रायली बनावटीची वेगवान गस्ती बोट. 24 जून 1998 ला नौदलात आली आणि 23 सप्टेंबर 2021 ला निवृत्त झाली. या 23 वर्षांत तिचं मुख्य काम होतं मुंबईलगतच्या उथळ पाण्यात रात्रंदिवस पाळत ठेवणं. लांबी जेमतेम 25 मीटर, म्हणजे लोकलच्या एका डब्यापेक्षा थोडी जास्त. म्हणून ती खाडीकाठी मावते.

सगळ्यांच्या नशिबात हे नसतं. पहिली विक्रांत 1997 मध्ये निवृत्त झाली. काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी राहिली आणि 2014 मध्ये भंगारात निघाली. विराट 2020 मध्ये अलंगला गेली. पण निदान या दोघींसाठी लोकांनी आवाज उठवला, याचिका केल्या. नौदलातल्या एका प्रकारच्या जहाजांसाठी मात्र कुणी हळहळतही नाही. ती म्हणजे इंधन पुरवणारी जहाजं, अर्थात फ्लीट टँकर.

ही जहाजं करतात काय?

युद्धनौका बंदरातून निघाली की तिचं तेल काही दिवसांत संपत येतं. दर वेळी परत यायचं म्हटलं तर निम्मा वेळ येण्या-जाण्यातच जाणार. म्हणून टँकर ताफ्याबरोबर जातो. दोन्ही जहाजं काही मीटरचं अंतर राखून, एकाच वेगाने शेजारी-शेजारी चालतात. एकावरून दुसऱ्यावर दोर टाकला जातो, त्याच्या आधाराने जाड तारा आणि मग तेलाचे पाइप ओढले जातात. तेल भरेपर्यंत कुणीही थांबायचं नाही की वळायचं नाही. एखाद्या लाटेने गणित बिघडलं, तर हजारो टनांची दोन जहाजं एकमेकांवर आदळू शकतात.

4 डिसेंबर हा नौदल दिन आपण साजरा करतो तो 1971 च्या कराची हल्ल्यामुळे. निपात, निर्घात, वीर ही नावं त्या दिवशी सगळ्यांच्या स्टेटसवर असतात. या क्षेपणास्त्र बोटींचा पल्ला लहान होता. त्यांच्या ताफ्यात ‘पोषक’ नावाचा एक टँकरही होता. त्याचं नाव रीलमध्ये सहसा येत नाही.

मग यांचं आयुष्य किती?

साधारण तीस वर्षं. जर्मनीत बांधलेली जुनी ‘दीपक’ 1967 ते 1996 सेवेत होती. जुनी ‘शक्ती’ 1976 मध्ये आली आणि 2007 मध्ये गेली.

जहाज म्हातारं होतं ते मुख्यतः गंजामुळे. खारं पाणी बाहेरून पत्रा खातं. टँकरमध्ये टाक्याही आतून झिजतात, कारण तेल काढलं की तोल सांभाळायला पाणी भरावं लागतं. या गंजाशी लढणारी एक प्रयोगशाळा कल्याणच्या शेजारीच आहे. अंबरनाथची एनएमआरएल, म्हणजे डीआरडीओची नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळा. 1953 मध्ये मुंबईत नौदलाच्या गोदीत तिची सुरुवात झाली. जहाजांचे रंग आणि गंजरोधक उपाय हे तिच्या कामातले मोठे विषय. पण रंग कितीही चांगला असला तरी वय लांबतं, थांबत नाही. दुरुस्तीसाठी जहाज गोदीत जास्त दिवस आणि समुद्रात कमी दिवस राहू लागलं की निवृत्तीची वेळ आली म्हणायची.

अडचण पुढे आहे

जुनी शक्ती जुलै 2007 मध्ये गेली आणि तिची जागा भरणारी नवी दीपक आली जानेवारी 2011 मध्ये. मधली साडेतीन वर्षं मोठे टँकर दोनच होते, ज्योती आणि आदित्य. एडनच्या आखातात सोमाली चाच्यांविरुद्ध नौदलाची गस्त सुरू झाली तीही याच काळात, ऑक्टोबर 2008 मध्ये.

2011 च्या ऑक्टोबरमध्ये नवी शक्ती आल्यावर हा आकडा चार झाला. इटलीत बांधलेली दीपक 175 मीटर लांब आहे, लोकलचे आठ डबे जोडल्यासारखी, आणि ती एका वेळी चार जहाजांना तेल देऊ शकते. पण रशियाहून आलेली ज्योती 1996 ची आणि कोलकात्यात बांधलेली आदित्य 2000 ची आहे.

सरकारला हे माहीत नव्हतं असं नाही. जुलै 2014 मध्येच पाच नव्या जहाजांना तत्त्वतः मंजुरी मिळाली, तेव्हा अंदाज होता सुमारे 9 हजार कोटींचा. विशाखापट्टणमच्या हिंदुस्तान शिपयार्डशी करार झाला ऑगस्ट 2023 मध्ये, सुमारे 19 हजार कोटींना. नऊ वर्षं गेली आणि रक्कम दुपटीवर गेली. त्या दिवशी ज्योती 27 वर्षांची होती.

असं दुर्लक्ष महागात पडतं, हे कॅनडाने अनुभवलंय. फेब्रुवारी 2014 मध्ये त्यांच्या ‘प्रोटेक्टर’ला हवाईजवळ आग लागली. दुसऱ्या, ‘प्रिझर्व्हर’ला गंजाने पोखरलं होतं. त्याच वर्षी दोन्ही मोडीत काढायचं ठरलं. मग कॅनडाच्या नौदलाला चिली आणि स्पेनची जहाजं मागून काम भागवावं लागलं. मालवाहू जहाजाचं रूपांतर केलेला ‘अ‍ॅस्टेरिक्स’ सेवेत आला 2018 मध्ये.

आपल्याकडे दोन विमानवाहू नौका आहेत, विक्रमादित्य आणि 2022 मध्ये आलेली नवी विक्रांत. दोन्ही अणुऊर्जेवर नाही, इंधनावर चालतात, आणि त्यांच्यावरच्या विमानांचं तेल वेगळंच. म्हणजे टँकर नसेल, तर एवढा मोठा ताफा किनाऱ्यापासून फार काळ लांब राहू शकत नाही.

नवी जहाजं प्रत्येकी सुमारे 44 हजार टनांची असतील. पहिल्या जहाजासाठी पोलाद कापायला सुरुवात झाली एप्रिल 2024 मध्ये आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्याचा कणा बसवला गेला. करारानुसार ते 2027 मध्ये मिळायला हवं आणि पाचही मिळून 2031 पर्यंत. तोवर सेवेत ठेवायची म्हटली, तर ज्योती 35 वर्षांची झालेली असेल.