अन्नपूर्णा मुलीलाच का?

आपल्याकडे लग्नात मुलीला माहेराहून अन्नपूर्णेची लहानशी मूर्ती देण्याची चाल आहे. बोहल्यावर चढण्यापूर्वी वधू गौरीहरापाशी बसून पूजा करते आणि पुढे ती अन्नपूर्णा तिच्याबरोबर सासरच्या देव्हाऱ्यात जाते. मुलाला मात्र कोणी अन्नपूर्णा देत नाही. त्याला घड्याळ मिळते, अंगठी मिळते, कपडे मिळतात. यात काही वावगे आहे असे मला कधी वाटले नव्हते. गेल्या पावसाळ्यात प्रथम वाटले.

आई बारा दिवस दवाखान्यात होती. घरी वडील आणि मी. वडील दोन विषयांचे पदवीधर, मी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. प्रयोगशाळेत द्रावणाची तीव्रता मी दशांशाच्या तिसऱ्या स्थानापर्यंत बिनचूक काढतो. पण एक वाटी तांदळाला पाणी किती, हे मला ठाऊक नव्हते. पहिल्या दिवशीचा भात करपला, दुसऱ्या दिवशीचा कच्चा राहिला. मग खाणावळीचा डबा लागला आणि अधूनमधून शेजारच्या कानडी काकूंकडून सारभात येऊ लागला. चौथ्या दिवशी जेवता जेवता वडील म्हणाले, “आपण दोघं या घरात एवढी वर्षं पाहुणेच होतो की रे!” त्या वाक्यानंतर घास घशाखाली उतरायला वेळ लागला.

हे सारे मनात असतानाच यंदाच्या मे महिन्यात इंदूरला मावशीकडे गेलो. होळकरांबरोबर माळव्यात गेलेली मराठी कुटुंबे पिढ्यान् पिढ्या तेथे नांदत आहेत. मावशीचे घर अन्नपूर्णा भागात आहे. प्रवेशद्वारावर हत्तींची भव्य शिल्पे असलेल्या अन्नपूर्णेच्या मंदिरावरून त्या भागाला हे नाव पडले. सुट्टीमुळे घरात नातवंडांचा गोतावळा जमला होता. चार वर्षांच्या चिमुरडीपासून अकरा वर्षांच्या मुलापर्यंत पाच जण, त्यांत तीन मुलगे. दुपारी बाहेर ऊन मी म्हणत होते. अशा वेळी मावशीने त्या सर्वांना स्वयंपाकघरात बोलावले. मला वाटले, रागावायला बोलावले असेल. पण तिने तीन नियम सांगितले. गॅस पेटवायचा नाही. सुरीला आणि विळीला हात लावायचा नाही. आणि ज्याने केले त्याने भांडीही घासायची.

मी हसून म्हणालो, “मावशी, तुमच्या गावात सराफा आहे. दिवसा सोन्याचांदीची दुकानं आणि रात्री दुकानांपुढं खाण्याचा बाजार. मग हा खटाटोप कशाला?” ती म्हणाली, “अरे, विकतचं खायला पैसे लागतात आणि करायला हात लागतात. पैसे बापाचे असतात, हात ज्याचे त्याचे.”

पहिल्या दिवशी सकाळच्या चार पोळ्या उरल्या होत्या. मुलांनी त्या बारीक कुस्करल्या, त्यांत अर्धी वाटी किसलेला गूळ आणि दोन चमचे पातळ तूप घालून मळले आणि लाडू वळले. माळव्यात बाफले चुरून लाडू करतात, त्याचेच हे मराठी भावंड. दुसऱ्या दिवशी बी काढलेला खजूर आणि दाण्याचे कूट एकत्र मळून, सुक्या खोबऱ्याच्या किसात घोळवून गोळ्या झाल्या. तिसऱ्या दिवशी श्रीखंड. रात्री दही फडक्यात बांधून, खाली पातेले ठेवून फ्रिजमध्ये टांगले. सकाळी पातेल्यात जमलेले पिवळसर पाणी पाहून मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. या पाण्यातून दुग्धशर्करा आणि काही प्रथिने निघून येतात, फडक्यात घट्ट चक्का उरतो, हे मी समजावून सांगितले. माझ्या शिक्षणाचा त्या घराला झालेला हा पहिला उपयोग! ते पाणी मावशीने कणीक भिजवायला घेतले. फेकण्यासारखे काही नसते, हा धडा न सांगताच दिला गेला.

चिमुरडीचा लाडू सारखा फुटत होता. ती रडकुंडीला आली तेव्हा मावशी एवढेच म्हणाली, “फुटला तर फुटला. वाटीत घे, चमच्यानं खा.” चौथ्या प्रयत्नाला तो वळला गेला. तो लाडू तिने कोणालाही दिला नाही आणि स्वतःही संध्याकाळपर्यंत खाल्ला नाही.

याच वेळी ओळखीचे एक वृद्ध गृहस्थ आले होते. अकरा वर्षांच्या मुलाला लाडू वळताना पाहून ते म्हणाले, “याला कशाला बायकांत बसवता?” मुलाचा हात थांबला. मावशीने त्या गृहस्थांपुढे बशी ठेवली आणि शांतपणे विचारले, “लाडू गोड लागतो ना?” त्यांनी लाडू खाल्ला; उत्तर मात्र दिले नाही. मुलगा पुन्हा लाडू वळू लागला, पण दाराकडे पाठ करून बसला. ती वळलेली पाठ मला विसरता येत नाही. आपण मुलग्यांना स्वयंपाक येत नाही असे म्हणतो, पण त्यांचा हात ज्या क्षणी थांबतो, त्या क्षणी आपण तेथेच उभे असतो.

मुलांनी हाताने काम करून शिकावे, हा विचार नवा नाही. गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर सुरू केले. तेथे त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डी आणि कोसबाड येथे बालशिक्षण आदिवासी मुलांपर्यंत नेले. १९३७ च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी हस्तोद्योगातून शिक्षणाची कल्पना मांडली. मारिया माँटेसरी १९३९ मध्ये भारतात आल्या; ओतणे, निवडणे, पुसणे अशी घरगुती कामे हा त्यांच्या पद्धतीचा पायाच आहे. आपण या थोरांच्या तसबिरी वर्गात लावल्या आणि मुलांना स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर ठेवले. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० मध्ये आले, तेव्हा त्यातील वाटी-चमच्याच्या मापांनी कितीतरी नवख्या मुलींना धीर दिला. तीच वाटी आणि तोच चमचा मुलग्याच्या हातीही मावतो.

यावर काही आक्षेप घेतले जातील. पहिला म्हणजे, मुलांना गोड कशाला? आक्षेप रास्त आहे. साखर, गूळ, मध यांसारख्या पदार्थांतून मिळणारी शर्करा दिवसभराच्या ऊर्जेच्या दहा टक्क्यांहून कमी असावी, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले आहे. गूळ घातला म्हणून लाडू औषध होत नाही. पण ज्या मुलाने स्वतःच्या हाताने अर्धी वाटी गूळ मोजला, त्याला गोडाची किंमत कळते. कारखान्यातून आलेल्या पुड्यात साखर किती, हे त्याला दिसत नाही. दुसरा आक्षेप धोक्याचा. तोही खरा आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मध देऊ नये, लहानग्यांना अख्खे शेंगदाणे देऊ नयेत, ते घशात अडकतात, कूट करावे. हात धुतल्याशिवाय पिठाला शिवू देऊ नये. यासाठी मोठे माणूस शेजारी हवे. मुलांना बाहेर हाकलायला काही ते कारण नव्हे.

तिसरा आक्षेप मीच घेतो. लाडू वळणे म्हणजे स्वयंपाक नव्हे. त्याने आईचे ओझे कमी होत नाही. उलट ओट्यावरचा पसारा वाढतो. म्हणूनच मावशीचा तिसरा नियम मला सर्वांत मोलाचा वाटतो. लाडू करून हात झटकणारा मुलगा उद्या ‘आज मी स्वयंपाक केला’ म्हणून मिरवेल आणि खरकटी भांडी आईच घाशील. ज्याने पातेले घासले, त्यालाच ते पातेले रोज कोण घासते हे कळते. बिनआगीचा लाडू ही फक्त पहिली पायरी आहे. पाच वर्षांचा असताना जो लाडू वळतो, तो दहाव्या वर्षी कणीक मळेल आणि पंधराव्या वर्षी भात लावील. मला मात्र कोणी पहिल्याच पायरीवर उभे केले नाही, आणि विसाव्या वर्षी एकदम करपलेल्या पातेल्यापुढे आणून सोडले.

आपल्या या दुभाषी प्रदेशात तर पहिल्या पायऱ्या भरपूर आहेत. संक्रांतीला आम्ही ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ म्हणतो आणि आमचे कन्नड मित्र एळ्ळु-बेल्ल वाटून तेच सांगतात. भाजलेले तीळ, दाणे, डाळे, खोबरे आणि गुळाचे तुकडे मिसळायला पाक लागत नाही, आग लागत नाही. लागतात फक्त मुलांचे हात. गोकुळाष्टमीचा सुंठवडा, गणपतीतील खिरापतीचे पंचखाद्य, चैत्रातले पन्हे, केळ्याचे शिकरण यांतही मोठ्यांनी थोडी तयारी करून दिली, तर पुढचे मुले करू शकतात. आपल्या पूर्वजांनी सणांच्या रूपाने ही शाळा उघडूनच ठेवली होती. आपण तिचा प्रवेश निम्म्या मुलांना नाकारला.

इंदूरहून परतल्यावर मी घरी पोळीचे लाडू केले. आई ओट्याशी उभी राहून पाहत होती. दोन लाडू फुटले. तिने ते वाटीत घेतले आणि चमच्याने खाल्ले. नंतर मी पातेले घासायला घेतले तेव्हा वडील उठून आले आणि काही न बोलता विसळू लागले.

पुढच्या वर्षी ताईचे लग्न आहे. अन्नपूर्णा आणायला आई जाईल, तेव्हा मी तिला दोन आणायला सांगणार आहे.